अविश्वासाची सहल

परत आल्यापासून जो तो विचारतो, कैलास लेणं कसं वाटलं? मी अर्धंच पाहिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच भागात गेले, पण तेव्हा तर वेरूळच्या वाटेलाही गेले नाही. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. निवृत्त झाल्यापासून बाईंचं काही खरं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसतं. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते.

पुण्यातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. संसदीय पद्धत आणि अध्यक्षीय पद्धत हे प्रकरण दर वर्षी नेमकं दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडाशी यायचं. अर्धा वर्ग गावी पळालेला असायचा. जे उरायचे त्यांत एका वर्षी दत्ता होता. पाचोडच्या पुढच्या एका गावचा, पहिल्या बाकावर बसणारा, वहीचा समाससुद्धा भरून काढणारा. आता तो गावात उपसरपंच आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं मला पुन्हा जायचंय. दर वर्षी त्याचा फोन यायचा, "मॅडम, एकदा या, वेरूळ दाखवतो." या वर्षी दिवाळी झाल्यावर मी हो म्हटलं. तारीख मात्र त्यानंच ठरवली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

वेरूळ

संभाजीनगर स्टेशनबाहेर दत्ता एक पांढरी ट्रॅव्हलर गाडी घेऊन उभा होता. गाडीत आधीच दहाएक माणसं. पुरुष कडक इस्त्रीत, तीन बायका नव्या लुगड्यांत. मला वाटलं, पाहुणे असतील. चढले तर ड्रायव्हरनं, सलीमभाईंनी, पुढं कापडी पिशवी धरली.

"मॅडम, मोबाईल डालो इसमें."

"का?"

"सबका लेना बोले दत्ताभाऊ. मेरेकू क्या मालूम."

मी मोबाईल दिला नाही आणि चांगला आवाज चढवला. दत्ता पाठीमागून धावत आला, जीभ चावत म्हणाला, "सलीमभाई, मॅडम सदस्य नाहीत." सलीमभाईंनी मला दोनदा सलाम केला. पण गाडीतल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या होत्या आणि मला कळलं की ही साधी सहल नव्हे.

दत्तानं मग सांगितलं. गावात नऊ सदस्य. सरपंच मात्र सदस्यांनी निवडलेला नाही. ती जागा थेट गावाच्या मतांनी भरते. कौसाबाई नावाच्या बाई निवडून आल्या होत्या. पहिली दोन वर्षं त्यांच्यावर अविश्वास आणता येत नव्हता. ती दोन वर्षं नुकतीच संपली होती. ठरावाला सरपंच धरून दहांपैकी आठ मतं लागत होती आणि दत्ता धरून आठच जण फुटले होते. नववा सरपंचबाईंचा पुतण्या. परवा तहसीलदार गावात येऊन बैठक घेणार. तोवर आठांतला एकही कुणाच्या भूलथापांना बळी पडू नये म्हणून त्यांना गावाबाहेर फिरवायचं, असा बेत होता.

"आणि यात मी कशाला?"

"तुम्ही असलात की सहल वाटते, मॅडम."

मला राग आला तो आला, पण हसूही आलं. आमच्या सोसायटीत अध्यक्ष बदलायचा होता तेव्हा लोकांनी एकमेकांच्या दारातली चप्पलसुद्धा मोजली होती, पण कुणी कुणाला महाबळेश्वरला नेलं नव्हतं. इथं ती रीतच आहे. वेरूळला ज्या धर्मशाळेत उतरलो तिथल्या व्यवस्थापकानं वहीतून मान वर न करता विचारलं, "निवड हाय का अविश्वास?" अविश्वास, म्हटल्यावर म्हणाला, "मंग दोन दिवसच. निवडीवाले पाच-पाच दिवस राहतेत."

घृष्णेश्वराचं दर्शन झालं. तिथं आठांनी पिंडीवर हात ठेवून एकमेकांना शपथा घातल्या. त्यानंतर आम्ही लेणी बघायला गेलो. कैलासाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माझ्या चपलेचा पट्टा तुटला. उन्हानं तापलेल्या त्या दगडावर अनवाणी चालवेना. बाकीचे वर चढले, मी सोंड तुटलेल्या दगडी हत्तीच्या सावलीला बसले. शेजारी आधीच एक बाई बसल्या होत्या. आठांतल्या तीन बायकांपैकी दोघींबरोबर नवरे होते. या एकट्या.

"तुम्ही नाही गेलात वर?" मी विचारलं.

"गुडघं धरलेत. आन वर जाऊन काय, खालूनच लई दिसतंय."

त्या धोंडाबाई. मेंढरंवाल्यांच्या वस्तीवरच्या. वस्ती गावाबाहेर, गायरानाच्या कडेला. पंचायतीत पहिल्यांदाच आलेल्या, अंगठा उठवणाऱ्या, आणि आठांतल्या आठव्या. त्यांच्यावाचून ठराव अडला असता, म्हणून गाडीत त्यांना खिडकीची जागा होती आणि दत्ता त्यांना दर तासाला "मावशी, चहा?" विचारत होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बाई, तुमी दत्ताभाऊला हेच शिकवलं का? सरपंच कसा पाडायचा?"

मास्तरकी अंगातून जात नाही. मी सांगायला बसले. म्हटलं, राज्य चालवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत लोक पंच निवडतात आणि पंच त्यांच्यातला मुख्य निवडतात. पंचांचं मन फिरलं की मुख्य घरी. त्यामुळं मुख्याला सगळ्यांना धरून चालावं लागतं, प्रत्येकाला थोडं थोडं द्यावं लागतं. दुसरीत लोकच मुख्य निवडतात आणि पंचही वेगळे निवडतात. मग मुख्य पंचांना भीत नाही, पंच मुख्याला जुमानत नाहीत. दोघांचं जमलं तर काम झपाट्यानं होतं. नाही जमलं तर काहीच होत नाही.

"आमचं दुसरं," धोंडाबाई लगेच म्हणाल्या. "काईच होईना."

"हो. आणि म्हणूनच तुमच्या हात वर करण्यानं हे संपत नाही. सदस्यांनी अविश्वास केला तरी तो पुढं ग्रामसभेपुढं जातो. ज्यांनी निवडलं त्यांनीच काढायचं. सगळ्या गावानं मत द्यायचं."

"तवा बी हात वर करायचा?"

"नाही. तेव्हा चिठ्ठी. गुप्त."

"म्हंजी कुणी काय केलं ते कळत नाय?"

"नाही."

"तहसीलदाराला बी?"

"त्यालाही नाही."

"दत्ताभाऊला?"

"कुणालाच नाही, धोंडाबाई."

त्या हत्तीच्या पायाकडं बघत बसल्या. तेवढ्यात सलीमभाई माणसं मोजायला आले. आठ भरल्याशिवाय ते जेवत नव्हते. बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांना दौलताबादची सीताफळं दिली आणि माझ्या चपलेला तारेचा टाका घालून दिला. माझं कैलास लेणं तेवढ्यावरच राहिलं.

म्हैसमाळ

दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हैसमाळला नेलं. माथ्यावर वारा भन्नाट, खाली दरीत धुकं. पुरुष मंडळी गाडीच्या सावलीत पत्ते कुटत बसली. धोंडाबाई मात्र पठारावर गवत बघत हिंडत होत्या. वाकून काडी तोडायच्या, चावून बघायच्या.

"चांगलं हाय," म्हणाल्या. "पर आमच्या गायरानाची सर नाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गायरान निजामाच्या काळापासून जनावरांसाठी सोडलेलं. आता तिथं सौर प्रकल्प येऊ घातलाय. आठांपैकी बहुतेकांची शेतं त्या बाजूला. रस्ता होईल, भाव येईल, म्हणून त्यांना ती जमीन द्यायचीय. कौसाबाई म्हणतात, मी सरपंच असेस्तोवर हा विषय पटलावर घेणार नाही. सदस्य म्हणतात, मग आम्हीही बैठकीला येणार नाही. दीड वर्ष एकाही बैठकीला कोरम भरला नाही. पाण्याची टाकी बांधून तयार आहे. पाइप पंचायतीच्या आवारात पडलेत. ते कुठून न्यायचे याचा ठराव होईना, म्हणून टाकी कोरडी.

"मग तुमचं गवत तर कौसाबाईच राखतायत," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्याविरुद्ध कशा?"

धोंडाबाईंनी काडी थुंकली. "सून माहेरी जाऊन बसलीय. नातू बी नेला. म्हनती, मी दुसऱ्याच्या हिरीवर शिव्या खाऊन पाणी आणनार नाय. नळ आला तर येते. दत्ताभाऊ म्हनला, मावशी, तुमी हात वर करा, पहिला नळ तुमच्या वस्तीला."

"आणि गायरान गेलं तर?"

"तर ल्योक मेंढरं इकून बजाजनगरला जाईल कंपनीत. तसं तो बोललाच हाय." त्या दरीकडं बघत राहिल्या. "पाणी घेतलं तर ल्योक जातोय. गवत ठिवलं तर सून येत नाय. दोन साल झालं, कौसाबाईनं एकदा बी मला इचारलं नाय, तुझं काय चाललंय म्हून. म्हनती, मला गावानं निवडलंय, तुमी कोन?"

तीस वर्षं मी फळ्यावर दोन रकाने आखले होते, एकीकडं गुण, दुसरीकडं दोष. या बाईचं घर दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभं होतं. मला मनापासून वाईट वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

दुपारी चहाला मी दत्ताला गाठलं. म्हटलं, "अरे, ग्रामसभेचं काय? ती फेटाळू शकते."

तो हसला. "मॅडम, आमच्यात ग्रामसभा म्हणजे रजिस्टर असतं. शिपाई घरोघर फिरून सह्या आणतो. झाली ग्रामसभा."

"ही तशी नाही. ही गुप्त मतदानाची आहे. थेट निवडलेल्याला काढायला ही पायरी ठेवलीय. हे मी तुला शिकवलंय."

"संसदीय शिकलो मी, अगदी मन लावून. बहुमत गेलं की खुर्ची गेली." मग जरा ओशाळून म्हणाला, "अध्यक्षीय मी ऑप्शनला टाकलं होतं, मॅडम. दोन्हींतलं एकच लिहायचं असायचं ना."

प्रश्नपत्रिका मीच काढायची.

तेवढ्यात धोंडाबाई कप घेऊन आल्या आणि दत्तासमोर बसल्या. "दत्ताभाऊ, उद्या दोनला तहसीलदार येणार ना?"

"व्हय, मावशी."

"सकाळी दहाला सरपंचबाईनं मासिक बैठक लावलीय. नोटीस आलीय समद्यांना."

"ती दर महिन्याला लावते. आपण जात नाय."

"उद्या जायचं. समद्यांनी. नळाचा ठराव करायचा, वस्तीपस्तोर. मंग दोनला मी हात वर करते."

"आवं मावशी, दोनला खुर्चीच आपली होतीय. मंग निवांत करू की नळ."

"आदी," धोंडाबाई म्हणाल्या. "नायतर मी गुडघं दुखायलेत म्हून घरी झोपते."

दत्तानं माझ्याकडं बघितलं, मी दरीकडं. पत्ते थांबले. अर्धा तास कुजबुज चालली. शेवटी आठव्या माणसाचं ऐकावंच लागलं.

पाचोडच्या पुढं

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाचोडच्या बाजारातून गेली. बाजाराचा दिवस होता. सलीमभाईंनी काचा वर करायला लावल्या, कुणी ओळखीचं दिसलं तर नको म्हणून. गावात शिरताना सिमेंटचा रस्ता लागला. शंभर पावलं सिमेंट, मग खड्डे, मग पुन्हा सिमेंट, असे त्याचे चार तुकडे. मी विचारलं तर दत्तानं जरा चाचरत सांगितलं. मागच्या खेपेला सरपंच सदस्यांतून निवडला होता. चौघांनी आपसात वाटणी केली, प्रत्येकाला सव्वा वर्ष. ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा रस्ता केला. तुकडे जोडायला पाचवा सरपंच झालाच नाही. पुढं चौकात ती नवी टाकी दिसली, उंच, निळ्या रंगाची, एक थेंबही नसलेली. माझं अख्खं प्रकरण त्या एका गल्लीत उभं होतं.

मी मुद्दाम कौसाबाईंकडं गेले. साठीच्या, ताठ, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. शत्रूच्या गाडीतून आलेली बाई असूनही त्यांनी मला दारात उभं ठेवलं नाही; बसवलं, भाकरी आणि येसर आमटी वाढली. आमटीनं डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

"काढू द्या मला," म्हणाल्या. "गायरान देनार नाय. मला गावानं निवडलंय, या नवांनी नाय."

"धोंडाबाईंशी कधी बोललात?"

"काऊन बोलू? तिचंच तर गवत राखायले मी. तिला कळाया नको?"

"तिच्या सुनेचं माहीत आहे का?"

हातातलं भांडं तसंच राहिलं. माहीत नव्हतं.

दहाला बैठक भरली. मी आवारातल्या लिंबाखाली, पाइपांच्या ढिगावर बसून खिडकीतून बघत होते. आठही जण आत येताना पाहून ग्रामसेवक उठून उभा राहिला. नळाचा ठराव दहा मिनिटांत झाला. दीड वर्ष अडलेलं काम दहा मिनिटांत. कौसाबाईंनी सही करताना धोंडाबाईंकडं एकदा बघितलं, काहीतरी विचारल्यासारखं. धोंडाबाई जमिनीकडं बघत होत्या.

दोनला तहसीलदार आले. ठराव वाचला गेला. हात वर करा, म्हणाले. सगळ्यात आधी धोंडाबाईंचा हात गेला, सरळ, कोपरात न वाकता. मग बाकीचे सात. कौसाबाई उठल्या. पदर सावरून बाहेर आल्या आणि माझ्या समोरून निघून गेल्या. मला ते बघवलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी पुण्याला परतले, दत्तानं दिलेला इमरतीचा मिठाईचा पुडा तसाच शेजाऱ्यांना देऊन टाकला.

पुन्हा

ग्रामसभा पंधरा दिवसांनी होती. घरात पाय टिकेना. कैलास लेणं अर्धं राहिलंय, असं सांगून पुन्हा निघाले.

शाळेच्या मैदानात माणूस मावत नव्हतं. दत्ता रजिस्टर काखेत घेऊन उभा होता, पण ते कुणी मागितलंच नाही. अधिकाऱ्यांनी वर्गाच्या दाराला चादर लावून आडोसा केला होता. एकेक जण आत जाऊन चिठ्ठी टाकत होता. मेंढरंवाले कळप कुणाच्या तरी भरवशावर टाकून आले होते. बायका घोळक्यानं आल्या. धोंडाबाई रांगेत पुढं होत्या. आत गेल्या, आल्या, चेहऱ्यावर काही नाही.

दुपारी मोजणी झाली. अविश्वास फेटाळला. थोडाथोडका नव्हे, भरभक्कम फेटाळला. कौसाबाई सरपंच राहिल्या, गायरान राहिलं.

दत्ता माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. त्यानं रजिस्टरचं एक पान दुमडलं. मग म्हणाला, "मॅडम, ते दुसरं प्रकरण अजून शिकवता येईल का?"

"येईल. पण आता उरलेली सगळी वर्षं त्या एकट्या आणि तुम्ही आठ. एकदा फेटाळल्यावर अविश्वास लगेच पुन्हा आणता येत नाही, तुमच्यावाचून त्यांचा ठराव होत नाही. ते पुस्तकात नाही. ते तुम्हीच बसून ठरवा."

"कौसाबाईनं निरोप धाडलाय, उद्या चहाला या म्हून," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा."

निघण्याआधी मी वस्तीवर गेले. पाइप पोचले होते. चर अजून बुजवायचा होता, पण नळाला पाणी होतं. एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन कळशी भरत होती. मला पाहून पदर घेतला. पलीकडं गायरानावर मेंढरं पसरली होती. धोंडाबाईंनी घोंगडी अंथरली, दूध घालून चहा केला. मला राहवलं नाही. हात वर केलेला मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि नळ आणि गवत, दोन्ही माझ्यासमोर होतं.

"धोंडाबाई, खरं सांगा," मी विचारलं, "चिठ्ठी कुणाला टाकलीत?"

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. सुनेकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं.

"बाई," म्हणाल्या, "तुमीच तर सांगितलं, ते कुणालाच सांगायचं नसतंय म्हून."

तीस वर्षांत माझा तास इतका नीट कुणी ऐकला नव्हता.